चार्लीचा शेवट

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका शाळेत, १९५०च्या दशकात, तास संपल्यावर एक मुलगा मास्तरांच्या टेबलापाशी घुटमळला. बुद्धिमापन चाचणीत कमी गुण मिळालेल्या मुलांचा तो वेगळा वर्ग होता. या वर्गाला शाळेत काय म्हणतात, हे त्या मुलाला चांगलंच माहीत होतं. त्याने मास्तरांना विचारलं : मी खूप मेहनत केली आणि सत्र संपेपर्यंत हुशार झालो, तर मला नेहमीच्या वर्गात बसवाल का?

मास्तरांचं नाव होतं डॅनियल कीज. त्यांनी त्या मुलाला काय उत्तर दिलं यापेक्षा त्या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही, हे जास्त महत्त्वाचं. त्याच काळात दुसऱ्या एका मुलाची हकिगतही त्यांच्या मनात रुतून बसली होती. तो मुलगा वाचायला शिकला, चांगली प्रगती केली, मग काही काळ शाळेपासून तुटला आणि परतला तेव्हा सगळं विसरलेला होता. आधी शिकलेलं एक अक्षरही त्याला वाचता येईना.

या दोन मुलांमधून एक गोष्ट तयार झाली. ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’. आधी १९५९ साली कथा म्हणून, नंतर १९६६ साली कादंबरी म्हणून. विज्ञानकथा वाचत नाही, त्यातलं आपल्याला काही कळत नाही, असं सांगणाऱ्या कितीतरी माणसांनी आयुष्यात जी एकच विज्ञान-कादंबरी वाचली आणि शेवटचं पान मिटताना डोळे पुसले, ती बहुधा हीच. ती वाचायला सोपी आहे. तिच्यात अवकाशयान नाही, परग्रह नाही, समीकरणं नाहीत. एक शस्त्रक्रिया आहे, एक पांढरा उंदीर आहे आणि बेकरीत काम करणारा एक बत्तीस वर्षांचा माणूस आहे. या सोपेपणामुळे काही समीक्षक तिला हलकं समजतात. मला वाटतं, तो सोपेपणा फार महागात मिळवलेला आहे. तो वाचवण्यासाठी लेखकाला सात-आठ वर्षं एकाच गोष्टीवर अडून बसावं लागलं. या गोष्टीचा शेवट बदलायचा नाही, हा तो हट्ट.

कथानक आधी थोडक्यात सांगतो. चार्ली गॉर्डनचा बुद्ध्यंक ६८. तो एका बेकरीत झाडलोट करतो, पोचवापोचवीची कामं करतो. संध्याकाळी प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकतो. त्याला हुशार व्हायचं आहे, कारण हुशार माणसांना मित्र असतात असं त्याला वाटतं. एका विद्यापीठातले दोन शास्त्रज्ञ मेंदूच्या शस्त्रक्रियेने बुद्धी वाढवण्याचा प्रयोग करत आहेत. अल्जरनॉन नावाच्या उंदरावर तो यशस्वी झालेला आहे. आता माणूस हवा आहे. चार्लीला निवडतात आणि रोजच्या नोंदी लिहायला सांगतात. संपूर्ण कादंबरी म्हणजे मार्च ते नोव्हेंबर या काळातल्या त्या नोंदी. बुद्ध्यंक १८५ पर्यंत चढतो. चार्ली आपल्या डॉक्टरांच्या पुढे निघून जातो. मग अल्जरनॉन बिघडू लागतो. त्या बिघाडाचं कारण शोधून काढणारा शास्त्रज्ञ दुसरा कुणी नसतो, चार्लीच असतो. आपण जितक्या वेगाने वर आलो तितक्याच वेगाने खाली जाणार, हे त्याला स्वतःच सिद्ध करावं लागतं.

यात शास्त्रीय कल्पना एकच आहे. बाकी सगळा इतिहास आहे, आणि तो फारसा काल्पनिक नाही.

कीज जन्मले ९ ऑगस्ट १९२७ रोजी. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल या खटल्याचा निकाल दिला. व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीला सरकारी संस्थेत ‘मंदबुद्धी’ ठरवून ठेवलं होतं. तिची सक्तीने नसबंदी करणं घटनेला धरूनच आहे, असं नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी ठरवलं. त्याआधी दोन दशकं, १९०५ साली, फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली होती. शाळेत कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल हे कळावं, एवढाच त्यांचा हेतू होता. अमेरिकेत पोचेपर्यंत त्या चाचणीची चाळणी झाली. हेन्री गॉडार्ड यांनी १९१० साली तिच्या आकड्यांवरून माणसांच्या पायऱ्या ठरवल्या आणि त्यातल्या एका पायरीसाठी ग्रीक शब्दावरून ‘मोरॉन’ हा शब्द घडवला. आज तो शब्द शिवी म्हणून वापरतात. तेव्हा तो शास्त्रीय संज्ञा होता.

अशा माणसांना मोठमोठ्या सरकारी संस्थांत ठेवायची पद्धत होती. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरची विलोब्रुक ही त्यातली सर्वांत कुप्रसिद्ध. सुमारे चार हजारांची सोय असलेल्या त्या इमारतींत १९६५च्या सुमारास सहा हजारांहून जास्त माणसं कोंबलेली होती. तिथल्या मुलांना १९५६ पासून मुद्दाम काविळीच्या विषाणूची बाधा करून हिपॅटायटिसचा अभ्यास केला जात होता. पालकांच्या सह्या घेतलेल्या असत. सही म्हणजे संमती का, हा प्रश्न फार नंतर विचारला गेला. कीज यांच्या कादंबरीतही चार्लीच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही त्याच्या बहिणीची आहे.

मेंदूवरच्या शस्त्रक्रियेबद्दलही तसंच. आज ती कल्पना भयंकर वाटते, पण १९४९ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नोबेल मिळालं होतं. त्याआधी आठ वर्षं, १९४१ साली, अमेरिकेतल्या एका बड्या घरातल्या तेवीस वर्षांच्या मुलीवर अशीच शस्त्रक्रिया झाली. ती अभ्यासात मागे होती, अलीकडे चिडचिडी झाली होती आणि ‘सुधारेल’ अशी आशा होती. शस्त्रक्रियेनंतर तिचं चालणं-बोलणंही गेलं आणि उरलेलं जवळपास सगळं आयुष्य संस्थेत गेलं. तिचं नाव रोझमेरी केनेडी. तिचा भाऊ जॉन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने १९६३ साली बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या सेवांसाठी महत्त्वाचा कायदा केला. कीज यांची कथा आणि कादंबरी यांच्या मधोमध हे सगळं घडत होतं. त्यामुळे १९५९चा वाचक चार्लीची गोष्ट वाचत होता तेव्हा तो भविष्यकाळ वाचत नव्हता. हे प्रयोग, या संस्था, ही कागदावरची सही, सगळं त्याच्या शहरातच होतं. फक्त त्या बंद दारांमागून कुणी बोलत नव्हतं. कीज यांनी बोलायला लावलं.

आता शेवटाची हकिगत.

कीज यांना ही कल्पना तशी जुनी सुचलेली. आईवडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता, मुलाला लेखक व्हायचं होतं. आपण जसजसे शिकतो आहोत तसतसे घरच्यांपासून दुरावतो आहोत, ही जाणीव त्यांना तेव्हाच बोचत होती. (शिकून घरापासून तुटल्याची ही बोच आपल्याकडच्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांना समजावून सांगायला नको.) पुढे स्टॅन ली यांच्याकडे कॉमिक्सचं काम करत असताना त्यांनी बुद्धी वाढवण्याच्या कल्पनेचं टिपण केलं, पण दिलं नाही. कॉमिकच्या चार पानांत ही गोष्ट संपवू नये, असं त्यांना वाटलं.

१९५८ साली ‘गॅलक्सी’ या विज्ञानकथांच्या नामांकित मासिकाने कथा मागितली तेव्हा त्यांनी ती अखेर लिहिली. संपादक होरेस गोल्ड यांना ती आवडली. पण शेवट फार खिन्न आहे, वाचकांना झेपणार नाही, असं त्यांचं मत पडलं. चार्लीची बुद्धी टिकू दे, त्याचं शिक्षिकेशी लग्न होऊ दे, सुखाने नांदू देत, असा त्यांचा प्रस्ताव होता. कीज तेव्हा नवखे लेखक होते, पैशांची गरज होती, आणि ‘गॅलक्सी’त छापून येणं म्हणजे मोठी गोष्ट होती. त्यांचे लेखकमित्र फिल क्लास यांनी मात्र बजावलं, की शेवट बदललास तर बॅट आणून तुझे पाय मोडीन. कीज यांनी कथा परत घेतली. एप्रिल १९५९च्या ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’ या मासिकात ती जशीच्या तशी छापून आली आणि १९६० साली तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्कार देताना आयझॅक आसिमॉव्ह यांनी, हे या माणसाला जमलं कसं, असं जाहीर कौतुक केलं. तेव्हा कीज म्हणाले, की कसं जमलं ते तुम्हाला कळलं तर मलाही सांगा, मला ते पुन्हा करायचं आहे.

कथेची कादंबरी करायला घेतली तेव्हा पुन्हा तोच खेळ. कीज तेव्हा डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवत होते. ज्या प्रकाशकाने आगाऊ रक्कम दिली होती त्यालाही शेवट गोड हवा होता. कीज यांनी नकार दिला आणि घेतलेले पैसे परत करावे लागले. मग एकामागून एक नकार. अखेर १९६६ साली हारकोर्ट प्रकाशनाने ती छापली, शेवटाला हात न लावता. त्या वर्षीचा नेब्युला पुरस्कार तिला आणि सॅम्युएल डिलनी यांच्या ‘बेबल-१७’ या कादंबरीला विभागून मिळाला. हा योगायोग मला फार आवडतो. दोन्ही कादंबऱ्या भाषेविषयी आहेत. डिलनींची अवघड, चकवणारी. कीज यांची एखाद्या लहान मुलाच्याही हातात देता येईल इतकी सोपी. मत देणाऱ्यांना दोन्हींत कमीजास्त करता आलं नाही.

१९६८ साली ‘चार्ली’ नावाने चित्रपट आला. मुख्य भूमिकेसाठी क्लिफ रॉबर्टसन यांना ऑस्कर मिळालं. चित्रपटाला संगीत होतं पंडित रविशंकर यांचं, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. चित्रपट संपतो तेव्हा चार्ली लहान मुलांबरोबर सी-सॉवर खेळतो आहे आणि ते चित्र गोठतं. ते पाहताना वाटतं, ठीक आहे, निदान तो आनंदात तरी आहे. कादंबरी आपल्याला ही सवलत देत नाही. कादंबरीतल्या चार्लीला अंधुक आठवतं, की आपण काहीतरी होतो. तो आपण होऊन संस्थेत राहायला जातो, कारण लोकांची दया त्याला नको आहे. आणि जाताना त्याची शेवटची विनंती स्वतःसाठी नाही, परसात पुरलेल्या उंदरासाठी आहे. गोल्ड यांचा शेवट मान्य झाला असता, तर ही हुशार होण्याची परीकथा झाली असती. वाचकाला वाटलं असतं, चला, सुटला बिचारा. म्हणजे आधीचा चार्ली हा सुटण्याजोगा आजार ठरला असता. कीज यांचा सगळा आक्षेप याच विचाराला होता. कादंबरीत शिकागोच्या परिषदेत शास्त्रज्ञ चार्लीविषयी बोलतात ते असं, की जणू शस्त्रक्रियेआधी तो माणूसच नव्हता, यांनी त्याला घडवला. तिथे चार्ली संतापतो आणि उंदराला घेऊन पळून जातो.

पण या कादंबरीचं काळीज मला त्यानंतरच्या एका छोट्या प्रसंगात दिसतं. एका खानावळीत बशा उचलणाऱ्या पोराच्या हातून बशा पडून फुटतात. गिऱ्हाइकं हसतात, टोमणे मारतात. ते काय म्हणताहेत हे न कळून पोरगाही हसू लागतो. आणि आता हुशार झालेला चार्ली, तोही हसतो. मग त्याच्या लक्षात येतं, आपण कुणाला हसलो.

आमच्या वाड्यात एक काका होते. कुणाचे सख्खे नव्हते, पण सगळ्यांचेच काका. आम्ही पोरं त्यांना दुकानातून पावशेर वारा आणायला पिटाळायचो. ते खरंच जायचे. दुकानदार मोठ्या गंभीरपणे ‘संपला, उद्या या’ म्हणायचा आणि ते परत येऊन तसाच निरोप द्यायचे. आम्ही हसायचो, ते आमच्याहून मोठ्याने हसायचे. मला तेव्हा वाटे, त्यांनाही मजा येते. चार्लीच्या बेकरीतल्या मित्रांनाही तसंच वाटत असतं. खानावळीचं ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मला वाटतं, या कादंबरीवर रडणारे बहुतेक जण चार्लीसाठी रडत नाहीत. आपण टेबलाच्या कोणत्या बाजूला बसलो होतो ते आठवून रडतात.

हे सगळं साधतं ते भाषेमुळे. सुरुवातीच्या नोंदींत चार्ली कानाला येईल तसं लिहितो. इंग्रजीत उच्चार आणि लेखन यांत इतकं अंतर आहे, की ऐकून लिहिलं की दर दोन शब्दांना चूक. मग हळूहळू शब्द दुरुस्त होतात. एका नोंदीत त्याला स्वल्पविरामाचा शोध लागतो आणि तो मीठ शिंपडावं तसे सगळीकडे ते शिंपडत सुटतो. वाक्यं लांबतात, परभाषांतले संदर्भ येतात. आणि शेवटाकडे शब्द पुन्हा मोडू लागतात. काय घडतं आहे ते लेखकाला सांगावं लागत नाही. एका शब्दातलं चुकलेलं अक्षर पाहून वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. चार्लीला जे दिसत नाही ते आपल्याला दिसतं, आणि मधल्या पानांत त्याला दिसतं ते आपल्याला दिसेनासं होतं. कादंबरीचा सोपेपणा हा असा आहे.

एकदा हौसेने मी पहिल्या दोन नोंदी मराठीत करायला बसलो आणि अडलो. मराठीत ऐकून लिहिलं तरी बरंचसं बरोबरच येतं. चुकतात त्या वेलांट्या आणि उकार. पण साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ साली आणखी चारांची भर घातली, आणि तरीही ऱ्हस्व-दीर्घ चुकवणारे प्राध्यापक ढिगाने सापडतात. तेवढ्याने चार्ली वेगळा कसा वाटणार? म्हणून चुका वाढवल्या. ‘पाणी’चं ‘पानी’ केलं, ‘कोण’चं ‘कोन’ केलं. वाचून पाहिलं आणि दचकलो. समोर मंद बुद्धीचा माणूस उभाच राहिला नव्हता. उभा होता खेड्यातला माणूस, वाडीवस्तीतला, दोन पिढ्यांपूर्वी ज्याला पाटीच मिळाली नाही असा. त्याची बोली चुकीची नव्हतीच. ती चूक म्हणून वाचायची सवय माझी होती. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द आपण लेखनासाठी वापरतो, पण ते आलेत दुसऱ्याच ठिकाणाहून.

मग दुसरी वाट सापडली. आपल्याकडे मुलाच्या हातात पहिलं पुस्तक पडतं ते जोडाक्षरांशिवाय. चार्लीला फक्त तेवढेच शब्द येतात असं धरलं तर? साधे, कानामात्रेचे, एकही जोडाक्षर नसलेले. विरामचिन्हं नाहीत. मग ‘डॉक्टर’ हा शब्द त्याला लिहिता येणार नाही, तो ‘दवाखानावाले साहेब’ म्हणेल. आणि ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द ज्या दिवशी त्याच्या वहीत नीट उमटेल त्या दिवशी वाचकाला कळेल, की शस्त्रक्रिया लागू पडली. जपानी भाषांतरात काहीसं असंच केलेलं आहे. तिथला चार्ली आधी सोप्या हिरागाना अक्षरांत लिहितो, बुद्धीबरोबर चिनी मुळाच्या कांजी अक्षरांची संख्या वाढते आणि अखेर ती ओसरते. जपानमध्ये या कादंबरीवर दोनदा दूरदर्शन मालिका झाल्या, हे काही उगाच नाही. बंगालीत तीन ‘स’ आणि दोन ‘न’ उच्चारात जवळपास एकच होतात, तेव्हा बंगाली चार्लीला कुणाची बोली न दुखावता चुका करता येतील. तमिळमध्ये बोलायची आणि लिहायची भाषा इतकी वेगळी, की बोलीतून ग्रंथभाषेत चढणं आणि पुन्हा बोलीत उतरणं एवढंच पुरेल. पण तिथेही बोली म्हणजे खालची पायरी का, हा प्रश्न भाषांतरकाराची वाट अडवेल. बुद्धी कमी म्हणजे नेमकं काय कमी, हे प्रत्येक भाषेला आपापल्या लिपीत ठरवावं लागेल.

या कादंबरीत दोष नाहीत असं नाही. शिक्षिका अॅलिस आणि शेजारीण फे या दोघी चार्लीच्या वाढीच्या पायऱ्या म्हणूनच जास्त येतात. त्यातल्या शरीरसंबंधांच्या पानांमुळे अमेरिकेतल्या काही शाळांतून पुस्तक काढून टाकायची मागणी वारंवार झाली. त्याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. बुद्धी जाणं हीच सर्वांत मोठी शोकांतिका, असं धरून कादंबरी चालते. ज्यांना ती बुद्धी कधी मिळालीच नाही, त्यांचं रोजचं साधं सुखदुःख तिच्यात फारसं नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही हेही खरं, की ज्या काळात अशी माणसं कथेत विनोदापुरती किंवा दयेपुरती येत, त्या काळात तिने ‘मी’ हा शब्द त्यांच्या हातात दिला. रॉबर्ट केनेडी विलोब्रुक पाहायला गेले १९६५ साली. तिथली दृश्यं दूरचित्रवाणीवर देशाने पाहिली १९७२ साली. अशा प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क देणारा कायदा झाला १९७५ साली. विलोब्रुकला शेवटचं कुलूप लागलं १९८७ साली. हे एका पुस्तकाने घडवलं असं कुणी म्हणणार नाही. पण ही दृश्यं पाहणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी शाळेत चार्लीची गोष्ट वाचलेली होती.

आपल्याकडेही शब्द बदलत गेले. ‘वेडा’, ‘खुळा’, मग ‘मतिमंद’, मग ‘गतिमंद’, आता कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ आणि सरकारी कागदावर ‘दिव्यांग’. प्रत्येक नवा शब्द आधी आदराने येतो आणि काही वर्षांनी शाळेच्या मैदानात शिवी होतो. गॉडार्ड यांच्या शब्दाचंही तेच झालं होतं. शब्द बदलणं आवश्यकच आहे, पण हसणारे तेच राहिले तर शब्द किती दिवस टिकणार?

कीज २०१४ साली गेले. त्या वर्गातल्या मुलाचं पुढे काय झालं, त्याला नेहमीच्या वर्गात कुणी बसवलं का, ते त्या पुस्तकात नाही. आमचे काकाही केव्हाच गेले. शेवटी शेवटी ते कुठे जात नसत, ओट्यावर बसून असत. मी शिकायला बाहेर पडलो त्या दिवशी त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, दुकानात काय आणायचं आहे का. काही नको म्हटलं. ते हसले. मला हसू आलं नाही, पण का, ते कळायला पुढे एक पुस्तक वाचावं लागलं.